दोराक हात

शाळा सुटली की योगिनी पलीकडे आणि घर अलीकडे. मधे रस्ता.

पहिलीतली पोर ती. दप्तर पाठीला, पाण्याची बाटली गळ्यात, आणि विनीताकाकीच्या दुकानाच्या पायरीवर टेकून बसलेली. समोर, रस्त्याच्या समुद्राकडच्या अंगाला, तिचं स्वतःचं घर तिला स्वच्छ दिसायचं. पडवीत खाटेवर आजी, शेवंती, मोडलेल्या मांडीत सळई बसवून पडलेली. आजीलाही नात दिसायची. एरवी हाक मारली असती तर पोचली असती, एवढंच ते अंतर. पण मधे गाड्यांचा असा लोंढा, की हाक अर्ध्यावरच चिरडायची. मग आजी नुसता हात वर करायची. नात हात वर करायची. आणि योगिनीची आई सारिका तिठ्यावरच्या बाजारातून मासे विकून एस्टीने परतेपर्यंत दोघी तशाच समोरासमोर बसून राहायच्या.

खारवळच्या खालच्या वाडीतला हा रस्ता पूर्वी तांबड्या मातीचा. कोंबड्या त्यावर लोळायच्या. रापणीचं लांबच लांब जाळं किनाऱ्यावर ओढून आलेले गडी ओल्या पायांनी मधोमध उभे राहून विडी पेटवायचे. मग डांबर आलं, मग रुंदी वाढली, पांढरे पट्टे आले. किनारा बघायला येणारी माणसं त्या तुकतुकीत काळ्या कातडीवरून अशी सुटू लागली, की जणू समुद्र संध्याकाळपर्यंत आटणार होता.

"गाडी आयकाक येता, तवसर ती अंगार येता," सारिकेचा सासरा लवू म्हणायचा. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. रस्ता तो कानांनी ओलांडायचा.

शेवंतीला दिसतही होतं आणि ऐकूही येत होतं. नारळी पुनव होऊन होड्या नुकत्या पाण्यात गेल्या होत्या. बांगड्याची पाटी डोक्यावर घेऊन ती एस्टीच्या थांब्याकडे निघाली. दोन्हीकडे बघून निघाली. वळणावरून एक पांढरी गाडी आली, दुसरीला मागे टाकत, चुकीच्या अंगाने. आधी पाटी पडली की आधी शेवंती पडली हे कोणालाच धड सांगता आलं नाही. गाडी थांबली नाही.

सारिका धावली तेव्हा सासू रस्त्याच्या कडेला आणि बांगडे रस्ताभर. टेम्पो येईपर्यंत तिने सासूचं डोकं मांडीवर धरून ठेवलं. मागच्या गाड्या माशांवरून जात होत्या. एका गाडीतल्या बाईने काच खाली केली, बघितलं, नाकाला रुमाल लावला आणि काच वर केली. पुढे कितीतरी दिवस त्या जागेचं डांबर उन्हात तापलं की त्याला बांगड्याचा वास सुटायचा.

पोलीस संध्याकाळी आले. गाडीचा नंबर कोणी बघितला नव्हता. वाडीतल्या हरिश्चंद्राने घराच्या खोल्या पर्यटकांना द्यायला काढल्या होत्या, त्याच्या गेटावर रस्त्याकडे तोंड केलेला कॅमेरा होता. तो त्या दिवशी बंद होता. असं हरिश्चंद्र म्हणाला.

तेव्हापासून पाटी सारिकेच्या डोक्यावर आली. तिचं माहेर मसुऱ्याचं, भातशेतीतलं. चिखलात दिवसभर वाकायची सवय होती, पण बाजारात बसून ओरडायची नव्हती. पहिले दिवस ती गिऱ्हाइकाकडे बघायचीही नाही. शेजारची कोळीण हसायची. "मासे इकतंस काय मयताक बसलंस गो?" हळूहळू घसा मोकळा झाला. बोटांना काटे लागून लागून कातडं जाड झालं. नवरा नितेश रत्नागिरीकडच्या मोठ्या ट्रॉलरवर. होडी किनाऱ्याजवळ आली की त्याचा फोन लागायचा.

"येतंय गो. ह्यो फेरो झालो काय येतंय."

"ये," सारिका म्हणायची. दुसरं काय म्हणणार. पुढचा फेरा लागायचा, आणि त्याच्या मागचा समुद्राचा आवाज फोनातून यायचा आणि घरामागूनही यायचा, त्यातला कुठला कुठला ते तिला कळेनासं व्हायचं.

सुरुवातीला विनीताकाकी पोरीला हाताला धरून अलीकडे आणून सोडायची. एके दिवशी दोघींच्या अंगाला घासून मोटरसायकल गेली. त्या संध्याकाळी काकीने हातातली फुटलेली काकणं सारिकेला दाखवली.

"माका भ्या वाटता गो. पायरेर बसवन घेतंय, खावक देतंय, पण रस्तो पार करूक माका सांगा नको. तिका काय झाला तर मी तोंड खंय दाखवू?"

सारिकेला ते पटलं. पटलं म्हणूनच तिला एकटं वाटलं.

दिवाळीनंतर ती रस्त्यांच्या सरकारी हापिसात गेली. मासे विकून तशीच गेली, कारण दुसरी वेळ नव्हती. लाकडी बाकावर बसली तसा बाकावरचा माणूस उठून खिडकीपाशी गेला. टेबलामागच्या साहेबांनी पंख्याचं तोंड थोडं तिच्याकडे वळवलं, म्हणजे वास तिकडेच राहील असं.

"शाळा आहे समोर," सारिका शुद्ध मराठीत म्हणाली. बाजारात मालवणी, हापिसात शुद्ध, हे कोणी शिकवावं लागत नाही. "एक गतिरोधक घालून द्या. पोरं ओलांडू शकत नाहीत."

"या दर्जाच्या रस्त्यावर तसा गतिरोधक घालता येत नाही, ताई. नियम आहेत. अपघाताचं ठिकाण म्हणून आधी नोंद व्हावी लागते."

"झालाय ना अपघात. माझी सासू."

"मयत?"

"नाही. जगली."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांना वाईट वाटलं नाही असं नव्हतं. "मग ते त्यात बसत नाही," ते म्हणाले. "अर्ज ठेवून जा."

घरी येऊन तिने सांगितलं तेव्हा शेवंती भिंतीकडे तोंड करून पडली होती. तशीच पडून म्हणाली, "मी मेलंय असतंय तर बरा झाला असता मां? पोरीक रस्तो गावलो असतो."

"आये, असा बोला नको."

डॉक्टरांनी दिलेला चालायचा स्टँड खाटेला टेकवलेला होता, त्यावर शेवंतीने एकदाही भार दिला नव्हता. त्याच्या आडव्या दांडीवर सारिका पोरीचे कपडे वाळत घालायची.

लवू मात्र त्या दिवशी रात्रीच्या जेवणात दोनदा मीठ मागून विसरला. त्याच्या डोक्यात काहीतरी चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रापण ओढून झाल्यावर गडी वाळूत वाटे घालत बसले होते. रापणीचा रिवाज जुना. जो दोराला हात लावील त्याला वाटा. घरचा असो, वाटेवरचा असो, पोर असो, म्हातारा असो. त्या दिवशी लवू वाटा घ्यायला पुढे आला नाही. मांगरात, जाळी ठेवायच्या खोपटात, गेला आणि चाचपडत जुन्या रापणीच्या दोराचं टोक ओढत बाहेर आला. काथ्याचा, मनगटाएवढा जाड, वर्षानुवर्षं समुद्रात भिजून आणि माशांच्या तेलात मुरून काळा पडलेला. आता सगळे नायलॉन वापरत. हा नुसता पडून होता.

"ह्यो रस्त्यार आडवो घाला," लवू म्हणाला. "दोन पेडी. सायबाचो गतिरोधक येय तवसर."

गडी हसले. मग हसणं थांबलं आणि एकेक उठला. दोराला हात लागले. वाळूतून, सुरूच्या झाडांमधून, ओढत ओढत तो वर रस्त्यावर आणला. हरिश्चंद्राने लोखंडी खुंट्या दिल्या. विनीताकाकीचा मुलगा प्रीतम पर्यटकांना पॅराशूटने उडवणाऱ्या होडीवर कामाला होता, तो गॉगल डोक्यावर चढवून खुंट्या ठोकायला बसला.

"आबा, ह्या रापणीत आता गाडये गावतले."

"गावली तर मोठी तुका देतंय. घराक घेवन जा."

सगळे हसले. सारिकाही हसली, आणि हसताना तिच्या लक्षात आलं, आपण बऱ्याच दिवसांनी हसतोय. लवूने आपल्या वाट्याचे मासे आणून दोर ओढणाऱ्या सगळ्यांत वाटून टाकले. रिवाज तो रिवाज.

दोर कामाला आला. लांबून सुटलेली गाडी दोर दिसला की दबकायची. धडधड असा आवाज व्हायचा, आत बसलेल्यांच्या माना हलायच्या, पुढे गेल्यावर कोणी शिवी हासडायचा. पण दबकायची. त्या आठवड्यात एकदा सारिका एस्टीतून उतरली तर पायरी रिकामी. समोर बघते तर योगिनी पडवीत, आजीच्या पायथ्याशी बसून पाव खातेय.

"मी एकटा इलंय," पोर म्हणाली. "गाडी थांबली. आतल्या काकान माका हात केल्यान."

त्या रात्री सारिका पोरीला कुशीत घेऊन झोपली आणि तिला कितीतरी दिवसांत न लागलेली झोप लागली.

पण वाडीतली माणसं समुद्राची. दोर पाण्यात कसा वागतो, वाळूत कसा, हातात कसा, हे त्यांना ठाऊक. रस्त्यावर कसा वागेल हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. मिठात मुरलेला काथ्या कधी पुरता सुकत नाही. हवेतला ओलावा तो ओढून घेतो. थंडी पडली, दव पडू लागलं, आणि पहाटेच्या वेळी त्या जुन्या दोराला घाम सुटू लागला.

प्रीतम कामावर निघाला होता. दोर कुठे आहे ते त्याला माहीत होतं, खुंट्या त्यानेच ठोकल्या होत्या. पण सावकाश जाणं त्याच्या रक्तात नव्हतं. तो वेगाने यायचा आणि दोरावरून मोटरसायकल उडवायचा, पोरं टाळ्या वाजवायची. त्या सकाळी एका हातात फोन होता. सारिका मागच्या दारी पाटी धूत होती. तिला धडधड ऐकू आली नाही. घासत गेल्याचा लांबच लांब आवाज ऐकू आला.

ती पोचली तेव्हा प्रीतम रस्त्याच्या पांढऱ्या पट्ट्यावर पडला होता. गालाची कातडी निघालेली, खांद्याचं हाड कातडीखाली वर आलेलं. आपल्या हाताकडे तो असा बघत होता, की हा कोणाचा. विनीताकाकी दुकानातून धावली. डावीकडे बघितलं नाही, उजवीकडे बघितलं नाही. एक मोटार तिच्यापासून हातभर अंतरावर करकचून थांबली. तिला ती दिसलीसुद्धा नाही.

पोराजवळ बसून, त्याचं डोकं धरून, तिने मान वर केली. आवाज चढवला नाही.

"तुझ्या चेडवाक घराक येवक व्हया म्हणान माझ्या झिलाक आडवो केलंस?"

सारिकेच्या मागे लवू गुडघ्यावर बसून तळहाताने दोर चाचपत होता. हात वर करून त्याने बोटं एकमेकांवर चोळली. ओली, बुळबुळीत.

"मीठ," तो स्वतःशीच म्हणाला. "मीठ खंय सुकता."

पोलिसांची गाडी चुलीवरचा चहा उकळायच्या आत आली. वाडी गोळा झालेली. हवालदाराने बुटाच्या टोकाने दोर हलवून बघितला.

"कोणी टाकला हा?"

माणसं समुद्राकडे बघू लागली. तिथे बघण्यासारखं काहीच नव्हतं, ओहोटी होती.

"विचारतोय मी. सार्वजनिक रस्ता आहे. गुन्हा आहे हा. कोणी टाकला?"

"आम्हाला काही कल्पना नाही, साहेब," हरिश्चंद्र म्हणाला. "आम्ही आपले पाहुण्यांच्या चहापाण्यात."

लवू उठू लागला. मोतीबिंदूचे पांढरे डोळे आवाजाच्या दिशेला लावून त्याने तोंड उघडलं. सारिका त्याच्या पुढे येऊन उभी राहिली.

"मी टाकला."

"एकटीने?" हवालदाराने दोराच्या जाडीकडे बघितलं, मग तिच्या मनगटांकडे.

"हो."

कोणी खोकलं. दोराला लागलेले सगळे हात तिथेच होते. कोणाचे छातीवर बांधलेले, कोणाचे पाठीमागे.

दोर कापायला कोयता लवूच्याच मांगरातून नेला. काथ्या जुना असला तरी सहजासहजी तुटेना. प्रत्येक घावाला लवूचा खांदा बारीक हलायचा. तुकडे गाडीत टाकले, खुंट्या उपटल्या आणि रस्ता पुन्हा सपाट, तुकतुकीत झाला.

"त्या दिवशी तुम्ही संध्याकाळी आला होता," सारिका म्हणाली.

"कुठल्या दिवशी?" हवालदाराने विचारलं. त्याला खरंच आठवत नव्हतं.

ठाण्यात तिला बाकावर बसवून ठेवलं. शेवंतीला दुपारचं कोण वाढील, योगिनीला कोण घेईल, याचा हिशेब करत ती पदराचं टोक पिळत राहिली. मोठे साहेब आले. वयाने लहान, डोळ्यांखाली काळं, घाईत जेवलेल्या माणसासारखे. त्यांनी तिचा जबाब लिहून घेतला.

"आता तेही लिहा," सारिका म्हणाली. "माझ्या सासूला उडवलं ते. जागा तीच आहे."

"ते प्रकरण वेगळं."

"रस्ता तोच आहे साहेब. गाड्या किती वेगाने येतात ते मोजायचं यंत्र असतं ना?"

"असतं. जिल्हाभर फिरतं."

"आमच्याकडे कधी फिरेल?"

साहेबांनी डोळे चोळले. "ताई, आम्ही माणसं किती, किनारा केवढा. सुट्टीच्या दिवसांत एका नाक्यावर उभं राहिलो तर दुसरा मोकळा. पावती फाडली तर वरून फोन येतो, पर्यटकांना त्रास देऊ नका. तुम्ही तरी सांगा काय करायचं."

"उभं राहायचं," सारिका म्हणाली. बोलून गेल्यावर तिला वाटलं, आपण फार बोललो. पण साहेब रागावले नाहीत. समज देऊन सोडतो म्हणाले, पुन्हा रस्त्यावर काही टाकलंत तर मात्र सुटका नाही.

परत आली तेव्हा योगिनी दुकानाच्या पायरीवर नव्हती. एस्टीच्या थांब्यावर, उन्हात, खांबाला धरून उभी होती.

"पायरेर कशाक बसूक नाय? काकी काय म्हणाली?"

"काय नाय. काकी माझ्याशी बोलणा नाय."

दुकानात विनीताकाकी पाठमोरी होती. बरण्या पुसत होती. पुसलेली बरणी काकीने पुन्हा पुसायला घेतली, तेव्हा सारिका पोरीचा हात धरून निघाली.

पुढचे दिवस तसेच. किनाऱ्यावर मासे घ्यायला गेली की बोलणं थांबायचं. वाटा टाकायचे, पण कोणी थट्टा करायचं नाही, आणि थट्टा नसली की वाळूत माणूस परका वाटतो. नितेशचा फोन आला तेव्हा त्याला सगळं कळलेलं होतं.

"तू कशाक पुढे झालंस? आबा होते. आख्खी वाडी होती."

"खंय होती?" सारिका म्हणाली. तिकडे इंजिनाचा आवाज वाढला आणि फोन तुटला.

तिने एकच केलं. रस्त्यावर काही टाकायचं नाही ना, मग हातात धरायचं. मांगरातून तिने बोटाएवढा बारीक, हलका दोर शोधून काढला. लांबून दिसावा म्हणून त्याला तांबड्या चिंध्या बांधल्या. चिंध्या शेवंतीच्या, अपघाताच्या दिवशी फाटलेल्या लुगड्याच्या. विचारून घेतल्या. शेवंतीने नुसती मान हलवली, पण चिंध्या बांधून होईपर्यंत ती सुनेच्या हातांकडे बघत होती.

आता सारिका उरलेले मासे मिळेल त्याला देऊन लवकरची एस्टी धरायची. दोराचं एक टोक घरापुढच्या माडाला बांधायचं, दुसरं घेऊन पलीकडे शाळेच्या अंगाला उभं राहायचं. घंटा झाली की आधी हात वर करायचा, गाडी थांबली की दोर उचलायचा. पोरं दोराला धरून पार व्हायची. काही गाड्या थांबायच्या. काही भोंगे वाजवायच्या. एका जीपवाल्याने बघून न बघितल्यासारखं केलं. तो आलेला दिसताच दोर सोडायला हवा होता, तिच्या हाताने सोडला नाही. दोर तळव्यातून सणसणत गेला. त्या रात्री भाकरी थापताना हात पिठात घालवेना.

"वेड लागलंय का, बाई?" काच खाली करून एकाने विचारलं.

"हो," ती म्हणाली.

एकदा हवालदार मोटरसायकलवरून आला. थांबला.

"काय सांगितलं होतं?"

"टाकलेला नाही. धरलाय."

त्याने तिच्या तळव्याला बांधलेल्या फडक्याकडे बघितलं. दोन्ही बाजूंना बघितलं. शेवटचं पोर पार होईपर्यंत गाडी रस्त्यात तिरकी लावून उभा राहिला आणि मग गेला. पुन्हा आला नाही.

नाताळच्या सुट्टीसाठी माणसं लोटू लागली तो दिवस. शाळेचा सुट्टीआधीचा शेवटचा. तिठ्यापासूनच गाड्या अडकल्या. एस्टी हलेना. सारिकेने कंडक्टरला दार उघडायला लावलं आणि रिकामी पाटी काखेत मारून ती पळत सुटली. मोकळ्या झालेल्या गाड्या तिच्या अंगाजवळून, अडकल्याचा राग काढत, जोरात जात होत्या. वळणाआधीच तिला शाळेची घंटा ऐकू आली. तिच्या पायांतली वहाण तुटली. ती थांबली नाही.

वळण घेतलं आणि समोर दिसलं ते तिला आधी समजेना.

घरापुढे, रस्त्याच्या अगदी काठाला, शेवंती उभी होती. दोन्ही हातांनी स्टँड धरलेला, त्याच्या आडव्या दांडीवर योगिनीचा फ्रॉक अजून वाळत होता. अपघातानंतर ती पहिल्यांदा पडवीबाहेर आली होती. तिच्या बाजूला लवू, हातात माडाला बांधलेल्या दोराची वेटोळी, मान तिरकी करून ऐकत.

"आता नको," शेवंती सांगत होती. "थांबा. लाल गाडी येता. गेली. मागसून एक आसा. ती पण गेली. आता."

होडीतून किनाऱ्यावर दोर फेकावा तसा लवूने तो फेकला. तांबड्या चिंध्या हवेत उघडल्या, रस्त्यावरून गेल्या, आणि टोक पलीकडे दुकानाच्या पायरीपुढे धुळीत पडलं.

पायरीवर प्रीतम बसला होता. खांद्याला पट्टा, एक हात गळ्यात अडकवलेला. पोरं थांब्याच्या खांबापाशी घोळका करून उभी, त्यांत योगिनी. दोराचं टोक प्रीतमच्या पायापाशी. त्याने आत दुकानाकडे बघितलं. आत विनीताकाकी होती. 

मग तो वाकला. वाकताना त्याचा चेहरा कळेने आवळला. चांगल्या हाताला दोराचा एक वळसा देऊन तो उभा राहिला. दोर जमिनीवरून उठला, ताणला गेला. वळणावरून आलेली गाडी दबकली, तिच्या मागची दबकली.

"चला रे," प्रीतम पोरांना म्हणाला. "मधे पळा नको. चालत."

योगिनी चालत अलीकडे आली. रस्ता संपला तिथे आजीने स्टँडवरचा एक हात सोडला आणि तिचा खांदा धरला. नातीचा आधार घेतला की नातीला आधार दिला, कोण सांगणार. सारिका अजून लांब होती. ती आता पळत नव्हती. प्रीतमने तिला बघितलं. दोराचं टोक खाली ठेवलं, पायाने जरा कडेला सारलं आणि तो दुकानात गेला.

संध्याकाळी लवूने पडवीत मासे घेतले, हातांनी चाचपून वाटे घातले. घरचा एक. आणि बाजूला एक, चांगल्या मोठ्या बांगड्यांचा.

"ह्यो कोणाचो?" सारिकेने विचारलं.

"प्रीतमचो."

"तेनी रापण खंय ओढल्यान, आबा?"

"दोराक हात लावल्यान मां?"

जर्मनच्या टोपात मासे घालून, वर झाकण ठेवून ती पलीकडे गेली. दुकान बंद झालं होतं. मागच्या दारी दिवा होता, आत भांड्यांचा आवाज होता. "काकी," तिने हाक मारली. भांड्यांचा आवाज थांबला. दार उघडलं नाही. तिने टोप पायरीवर ठेवला, मांजराने उघडू नये म्हणून झाकणावर दगड ठेवला, आणि परत आली.

सकाळी पाटी घ्यायला ती बाहेर पडली तेव्हा दव अजून उडालं नव्हतं. घरापुढच्या गडग्यावर, कुंपणाच्या दगडी बांधावर, टोप होता. रिकामा. घासून लख्ख केलेला. आत दव साचू नये म्हणून पालथा घातलेला.

गडगा रस्त्याच्या अलीकडे. म्हणजे पहाटे कोणीतरी रस्ता ओलांडून आलं होतं, आणि हाक न मारताच परत गेलं होतं.